हाकेचं अंतर

नंदा, नकाशा अजून तुझ्याच अंगणात उघडतो.

परवा दापोलीहून एका मुलीने तिचा नकाशा बघायला पाठवला. शेतकी शिकते. कुठल्या बागेत मोहोरावर तुडतुडे पडले ते तिने गावोगाव फिरून टिपलंय, ठिपक्यावर बोट ठेवलं की बागेची माहिती उघडते. काम मन लावून केलेलं आहे. पण पान उघडलं तर दापोली आलीच नाही, आलं तुझं घर. तिथून नकाशा बोटाने ओढत ओढत उत्तरेला न्यायचा, तेव्हा कुठे तिच्या बागा दिसणार.

कारण तुला माहीत आहे. रविवारच्या वर्गात आपण नमुन्याची जी फाइल देतो, तिच्यात नकाशा कुठून सुरू व्हावा याचे दोन आकडे असतात, एक अक्षांश, एक रेखांश. ते तू तुझ्या मागीलदारी रातांब्याखाली उभं राहून घेतले होतेस. 'इथे स्वतःच्या गावाचे आकडे घाला' असं मी घसा फोडून सांगते. कोणी घालत नाही. नक्कल करतात आणि पुढे पळतात. मिरकरवाड्याच्या बोटी, दापोलीचे आंबे, केळशीची सुरूची झाडं, सगळं आधी तुझ्या अंगणात येतं आणि मग आपापल्या गावाला जातं. मी चिडायचे. तू म्हणायचीस, "येऊ देत की गो, पाणी पिऊन जातील."

आता तू नाहीस, तरी ती मंडळी येतच आहेत. मलाच त्यांना पाणी विचारावंसं वाटतं.

उपग्रहाचा फोटो लावला की अजून वाईट. त्यात तू दिसत नाहीस. पण पडवीशेजारी निळं प्लास्टिक दिसतं, लाकडांवर टाकलेलं. अंगणात एक काळसर लाल चौकोन दिसतो, ती तुझी वाळत घातलेली आमसुलं. म्हणजे फोटो निघाला तेव्हा तू घरातच होतीस. ऊन किती राहिलंय बघायला वर मान करून बघितलंही असशील. मी फोटो मोठा करत जाते, आणखी मोठा, मग त्याचे नुसते चौकोन होतात. पुन्हा लहान करते. हा खेळ मी दिवसातून किती वेळा करते ते सांगणार नाही, तू हसशील.

तुला आठवतं, नोकरीतून मोकळी झाल्यावर तू माझ्या रत्नागिरीतल्या कॉम्प्युटर क्लासची पायरी चढलीस. मी आपली सवयीने विचारलं, "टॅली शिकायचंय का टायपिंग?"

"नकाशा," तू म्हणालीस. "आयुष्यभर भिंतीवर टांगलेला शिकवला. आता हलणारा शिकायचाय."

मला तरी कुठे येत होता? इंटरनेटवरचे धडे बघत आपण दोघी शिकलो. कोड माझा, भूगोल तुझा आणि भांडण दोघींचं. तुझं शिकवणं मात्र खरं शिकवणं होतं, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. नकाशा एकदम येत नाही, चौकोनी तुकड्यांनी येतो, हे मी पाटीभर लिहून सांगायचे आणि समोरची माणसं जांभया द्यायची. तू उठून म्हणायचीस, "कौलं शाकारतात ना, तसं. एकेक कौल येऊन बसतं. नेट गेलं की वादळात कौलं उडालेलं घर." की सगळ्यांना कळलं.

आणि मिरकरवाड्याच्या हसीनाभाभी! त्यांचा बर्फाचा धंदा. कुठली बोट धक्क्याला कुठे लागते आणि बर्फ कुठे पोचवायचा, याचा नकाशा त्यांना हवा होता. नवख्यांची ठरलेली चूक त्यांनी केली, अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. सगळ्या बोटी मिरकरवाड्यातून उठल्या आणि पार नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जाऊन उभ्या राहिल्या. भाभी कपाळाला हात लावून बसल्या. तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "भाभी, धंदा बसला तुमचा. तिथं बर्फ कोण घेणार?" त्या दिवशी वर्ग पुढे सरकलाच नाही. भाभी अजून येतात. परवा तुझ्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली आणि लगेच उचलून मांडीवर घेतली.

भांडणाकडे येते. ते अर्धवट टाकून तू गेलीस, याचा मला राग आहे.

तुझ्या वाडीचा नकाशा आपण करायला घेतला तेव्हा मला वाटलं, सोपं काम आहे. ज्या घरात माणूस राहतो ते उघडं, त्याला हिरवा ठिपका. बाकीचं बंद, लाल. माणसं मुंबईला, घरांना कुलपं, कोकणात यात नवीन ते काय. पहिल्याच दिवशी तू आडवी आलीस. पडवीत बसून आपण घावणे खात होतो. तुझ्या दाराशी खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला शेजारच्या घराची किल्ली, आणि प्रत्येक किल्लीला जुन्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी.

"घर बंद आहे हे कोण ठरवणार? कुलूप?" तू म्हणालीस.

"मग कोण?"

"कुलूप काय, सगळ्यांनाच असतं. किल्ली कुठाय ते विचार."

आणि मग तू मला घेऊन निघालीस. पावसाळ्यात तू पाळीपाळीने त्या घरांमध्ये जायचीस, दारं उघडायचीस, चूल पेटवायचीस. "घराला धूर लागायला हवा, नाहीतर वाळवी खाऊन टाकते." दुसऱ्याच्या घरात रिकामी चूल पेटवून तू आपली बसून राहायचीस. एकदा मी म्हटलं, निदान चहा तरी ठेव. तू ठेवलास. मुंबईला राहणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच कपातून आपण काळा चहा प्यायलो आणि वर कौलांतून धूर झिरपत होता. ही घरं लाल दाखवायची नाहीत, असं तू बजावलंस.

मी म्हटलं, डेटात भावना नकोत. तू म्हणालीस, भावना कसली, मी चूल पेटवते, ती काय भावनेवर पेटते? शेवटी तिसरा रंग निघाला. पिवळा, 'किल्ली शेजारी'. त्यावरही तुझं समाधान नाही. नुसतं 'शेजारी' नको, घर कधी उघडतं तेही लिही. तुमच्या वाडीतली एप्रिलात जयंतीला उघडतात, वरच्या वाडीतली गणपती-शिमग्याला. ठिपक्यावर बोट ठेवलं की दिसणारा मजकूर सगळा तूच लिहिलास. 'पोरं मे महिन्यात येतात. विहिरीचं पाणी गोड.' 'दार ओढून धरा, मग किल्ली फिरते.' नकाशावर असलं कोणी लिहितं का? आणि स्वतःच्या हिरव्या ठिपक्यावर, 'उघडं. हाक मारा, मागीलदारी असते.'

मग मी विचारलं, शेजारी म्हणजे किती लांबचा? कॉम्प्युटरला आकडा लागतो. तू म्हणालीस, "ज्याच्याकडे किल्ली, तो शेजारी." मी म्हटलं, असं कसं? उद्या किल्ली कोणी विरारला नेली, तर विरारचा माणूस शेजारी का? मी अडून बसले. हाक मारली तर ऐकू येईल तो शेजारी, त्यापलीकडे नाही.

"मग मोजू या हाक," तू म्हणालीस.

तू अंगणात उभी राहून हाका मारायच्या, मी फोन घेऊन लांब लांब जायचं आणि ऐकू येईनासं झालं की ठिपका टाकायचा. चढावाच्या बाजूला, उताराच्या बाजूला, पऱ्याच्या, त्या ओढ्याच्या बाजूला. पऱ्यापलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या तानीकाकू तिकडून ओरडल्या, "नंदाबाय गोऽ, काय झाला? कोण हरवला काय?" उताराला तुझा आवाज खूप लांब आला, ओढ्यावरच्या लाकडी साकवावर पाण्याच्या आवाजात बुडाला. परत आले तर तू घामाघूम आणि वर माझ्यावरच नाराज.

"ओ का दिली नाहीस?"

"ऐकूच येत नव्हतं! तेच तर मोजत होतो ना?"

"मी मारत होते पण हाका."

त्या ठिपक्यांवरून आपण तुझ्या घराभोवती वर्तुळ काढलं. किल्ली त्याच्या बाहेर गेली की घर लाल, अशी अट मी घातली. वर्गात बफर शिकवताना तू शेवटपर्यंत तेच दाखवायचीस, बफर म्हणजे हाक कुठवर जाते ते. त्या वर्तुळात तुझ्या वाडीची सगळी पिवळी घरं आली, आणि प्रत्येक घरापासून किल्ली असलेल्या घरापर्यंत प्रोग्रामने रेघ काढली. सगळ्या रेघा तुझ्या दाराशी आल्या. पलीकडच्या काठाला तानीकाकूंचा हिरवा ठिपका तेवढा वर्तुळाच्या बाहेर, एकटा. त्यांना तू ऐकू यायचीस, पण यंत्राला ते पटलं नाही. तू म्हणालीस, "बघ, तुझं माप चुकतंय." मी म्हटलं, उंच काठावर उभ्या राहतात म्हणून ऐकू येतं, नियम नियम असतो. तो विषय तिथेच राहिला.

महिना होत आला. त्या सकाळी तानीकाकूंनी नेहमीसारखी हाक मारली आणि ओ आली नाही. पुन्हा मारली. मग म्हातारी साकव ओलांडून आली. तू मागीलदारी होतीस, नकाशावर लिहून ठेवल्याप्रमाणे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तुझा भाऊ विलास माझ्यापाशी आला. त्याला दुसऱ्या दिवशी मुंबई गाठायची होती. तुझ्या घराला कुलूप असं कधी नव्हतंच, त्याने बाजारातून नवं आणलं होतं, त्याला अजून दुकानाचा तेलकट वास होता. त्याची नवी किल्ली आणि खिळ्यांवरच्या सगळ्या किल्ल्या एका पिशवीत घातलेल्या.

"शुभाताई, ह्या कोणाकडं ठेवू? वाडीत कोण हाय आता? तानीकाकूस दिसत नाय धड."

मी पिशवी घेतली.  रत्नागिरीत, माझ्या फ्लॅटच्या दाराशी, मी ती पिशवी खुंटीला अडकवली. सगळ्या किल्ल्यांना चिंध्या आहेत. तुझ्या किल्लीला नाही, कारण तुझ्या घराची किल्ली कोणाला द्यायची वेळच कधी आली नव्हती.

नकाशातला तुझा ठिपका मात्र मी हिरवाच ठेवला. एक शब्द बदलायचा, 'उघडं'च्या जागी 'बंद'. शिकवताना मी हजार वेळा म्हटलं असेल की नकाशा जुना झाला की तो खोटं बोलायला लागतो. माझ्याच्याने तो शब्द बदलवेना. फोन हातात घ्यायचा, ठिपक्यावर बोट ठेवायचं, 'हाक मारा, मागीलदारी असते' वाचायचं आणि फोन उलटा ठेवायचा.

मग गावच्या आरोग्य केंद्रातल्या नव्या सिस्टरचा फोन आला. कोणाला कधी भेटायचं ते आपल्या नकाशावर बघून ती वाड्यांमध्ये फिरते. बिचारी म्हणाली, "मॅडम, मी त्या बाईंकडे जाऊन आले. मागच्या दारी जाऊन खूप हाका मारल्या. बराच वेळ बसले पण. कोणीच नाही आलं."

 तुझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून एक परकी पोरगी रातांब्याखाली उभी राहून तुला हाका मारत होती, आणि तिला तिथे मी पाठवलं होतं.

त्याच दुपारी मी बदल केला. 'बंद' लिहिलं आणि प्रोग्राम चालवला. नंदा, तो पडदा मी कधी विसरणार नाही. तुझा ठिपका लाल झाला. पाठोपाठ तुझ्या दाराशी आलेल्या सगळ्या रेघा सुटल्या, कारण किल्ल्या वर्तुळाच्या आत कोणाकडेच उरल्या नव्हत्या. एकेक करून अख्खी वाडी लाल झाली. गेलीस तू एकटी, बंद झाली सगळी घरं. तू असताना हे कधी दाखवलं असतं तर तूच म्हणाली असतीस, "एवढी काय मी मोठी लागून गेलेय." बाई, तू होतीस तेवढी मोठी. मी तुला कधी सांगितलं नाही, आता पडद्याने सांगितलं. मी रडले आणि बदल परत फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने किल्ल्यांची पिशवी घेऊन निघाले. काय करणार आहे ते ठरवलं नव्हतं. वाडीत शिरले तर गवत पायरीपर्यंत आलेलं. कुलूप काढण्याआधी मी मागीलदारी गेले आणि हाक मारली. हसू नकोस. तिथे तसं लिहिलंय म्हणून मारली.

घरात कोंदट वास होता. तुझी लाकडं निळ्या प्लास्टिकखाली कोरडी होती. मी चूल पेटवायला बसले. मला चूल कुठे येते, डोळ्यांत धूरच धूर. पण पेटली. धूर वर गेला, कौलांतून झिरपत बाहेर पडला. चहा ठेवावा म्हणून मी पाणी घ्यायला उठले आणि तेवढ्यात पऱ्यापलीकडून आवाज आला.

"नंदाबाय गोऽऽ!"

 तानीकाकूंना दिसत नाही धड, पण धूर दिसला होता. तुझ्या छपरावरचा धूर म्हणजे तू. त्यांना तू गेलेली माहीत आहे, त्यांनीच तुला बघितलं होतं. पण हाक सवयीने गेली असणार, किंवा सवयीने नसेलही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला साफ ऐकू येत होती. पऱ्या भरून वाहत होता, तरीही. माझं माप चुकलं होतं ते चुकलंच होतं.

मी मागच्या अंगणात गेले आणि ओ दिली.

 मग काकू म्हणाल्या, "कोण गो तू?"

"मी शुभा! किल्ल्या माझ्याकडे हायत, काकू!"

"बरा झाला," त्या ओरडल्या. "धूर कर. वाळवी लागंल."

त्या दिवशी जमतील तेवढ्या घरांत मी चूल पेटवली. दार ओढून धरलं की किल्ली फिरते, तुझ्या मजकुराप्रमाणेच. शेवटच्या घरात चहा केला. दोन कप घेतले गेले हातात, दुसरा परत ठेवला.

पण भांडण संपलंय असं समजू नकोस. माझं म्हणणं अजून तेच आहे. रत्नागिरीतून हाक तुझ्या वाडीत ऐकू येत नाही, वादळ झालं तर मला पोचायला एसटी लागेल, आणि ती येईल तेव्हा येईल. माणूस असलेलं घर ते माणूस असलेलं घर. तुझं चुकत होतं असं मी अजूनही म्हणेन, तू समोर असतीस तर जोरात म्हटलं असतं. रविवारी वर्ग भरायच्या आधी मी फाइल उघडली. तुझ्या घरापुढचं 'उघडं' पुसलं. 'किल्ली शेजारी' लिहिलं, किल्लीवाल्याच्या जागी माझं घर. बाकीच्या घरांनाही तेच. प्रोग्राम चालवला, सगळं पुन्हा लाल. हाकेच्या अंतराची अट आड येत होती, मी भांडून घातलेली. ती ओळ मी पुसून टाकली. तुझा मजकूर बदलला, सिस्टरसारखं पुन्हा कोणी ताटकळायला नको. 'किल्ली शुभाकडे, रत्नागिरीत. आधी फोन करा.' पुढचं 'हाक मारा' मात्र राहू दिलं. पलीकडून कोणी ना कोणी ओ देतं.

आणि नमुन्याच्या फाइलमधले ते दोन आकडे मी बदललेले नाहीत. बदलणारही नाही. येऊ देत सगळे आधी तुझ्या अंगणात.

वर्ग सुरू झाला, भिंतीवर नकाशा लावला. नेहमीप्रमाणे तुझं अंगण आलं, एकेक कौल बसत गेलं. मग तुझ्या वाडीतल्या पिवळ्या ठिपक्यांतून रेघा निघाल्या, डोंगर ओलांडून, महामार्ग ओलांडून, पश्चिमेला इथवर आल्या. नकाशा पार लहान केला तेव्हा कुठे त्या पडद्यात मावल्या. हसीनाभाभी चष्मा वर करून बघत होत्या.

"अगो बाय, ही रेघ केवढी लांब! ह्यात पण आकडे उलटे पडले काय?"

"नाही भाभी," मी म्हटलं. "बरोबर आहे. शेजारचं घर आहे ते."